गिझर गेला, रॉड आला: १५०० वॅटच्या रॉडचा हिशेब

पुण्यात घर तापवावं लागत नाही, तापवावं लागतं ते अंघोळीचं पाणी. १९३५ च्या जानेवारीत इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता. आता शिवाजीनगरला दहाच्या आसपास आला की मफलर निघतात, आणि पाषाण किंवा एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) बाजूला त्याहून खालीच असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर निवून सकाळी सोळा-अठरा अंशांवर येतं. नेमका याच दिवसांत गिझर मान टाकतो, आणि त्यात नशिबाचा भाग कमी. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं चालणारं एलिमेंट आता वीस-पंचवीस मिनिटं तापतं. त्यावर वर्षभर साचलेला क्षारांचा थर असतो, आणि थर्मोस्टॅटचे झिजलेले पॉइंट रोज जास्त वेळ पूर्ण करंट वाहतात. कमकुवत झालेला भाग थंडीतच उघडा पडतो.

वायरमन ‘उद्या येतो’ म्हणाला की घरात रॉड येतो. इथे परीक्षण आहे ते सर्रास मिळणाऱ्या १५०० वॅटच्या रॉडचं: निकेल चढवलेली तांब्याची नळी, वर प्लास्टिकचं किंवा बेकेलाइटचं डोकं, बादलीला अडकवायचा हूक आणि तीन पिनांचा प्लग. निकाल आधीच सांगतो. चार-पाच दिवसांसाठी दहापैकी सात. अख्खी थंडी यावरच काढणार असाल तर तीन, तेही घरात एकटे राहत असाल तर.

हिशेब असा. अठरा अंशांचं वीस लिटर पाणी पंचेचाळीसपर्यंत न्यायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते. १५०० वॅटच्या रॉडला त्यासाठी निव्वळ पंचवीस मिनिटं, आणि उघड्या बादलीतून वाफेवाटे जाणारी उष्णता धरली तर अठ्ठावीस. हजार वॅटचा रॉड त्याच कामाला चाळीस मिनिटं खातो. वीज दोघांनाही जवळपास सारखीच लागते, त्यामुळे ‘हजारवाला बिल वाचवतो’ हे दुकानातलं वाक्य ऐकून सोडून द्या. उलट जास्त वेळ लागल्यामुळे त्याची उष्णता थोडी जास्तच वाया जाते.

खरी अडचण बिलाची नाही, रांगेची आहे. चार माणसं, प्रत्येकी एक बादली, म्हणजे जवळपास दोन तास. सातची शाळेची बस असेल तर पहिली बादली साडेपाचला लागायला हवी. यावर जुना उपाय विसणाचा: पंधरा लिटर पाणी पंचावन्नपर्यंत कडक करून त्यात वरून गार पाणी घालायचं. विजेचा हिशेब फारसा बदलत नाही, पण तापवलेली बादली झाकून ठेवली तर अर्धा तास टिकते आणि तेवढ्यात दुसरी लावता येते. दोन रॉड एकदम लावायचे असतील तर दोन वेगळ्या खोल्यांतल्या वेगळ्या सर्किटवर. एकाच बोर्डावर दोन्ही नकोत.

आता प्लगकडे बघा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. भिंतीवरचं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. वरचा अर्धा अँपिअर कागदावर किरकोळ वाटतो, पण अर्धा तास सलग करंट वाहिला आणि सॉकेटची पकड थोडी सैल असली की पितळी पिन तपकिरी पडते, भोकाभोवतालचं पांढरं प्लास्टिक पिवळं होतं आणि मासळीसारखा उग्र वास येतो. हा वास आला की रॉड वाईट नसतो, सॉकेट गेलेलं असतं. रॉड सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावावा. मोबाइल चार्जरसाठी आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नाही, त्याची वायर केसाएवढी असते.

खरेदी करताना आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली आयएस ३६८ हा क्रमांक बघा, रॉडसाठीचं मानक तेच. नळीवर पाण्याची किमान आणि कमाल पातळी दाखवणाऱ्या खुणा हव्यात. वायर निदान दीड मीटर असावी, म्हणजे बादली सॉकेटच्या खाली येत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुकानांमागून दुकानं रॉडची आहेत, आणि तिथे भाव करता येतो. गाडी लावायला जागा मिळवणं हे रॉड निवडण्यापेक्षा अवघड, तेव्हा रिक्षाने जा. विनानावाचा, विनाशिक्क्याचा रॉड दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो. त्याची नळी पातळ असते, आणि डोक्याशी नळी जिथे आत शिरते तिथलं सील कच्चं असतं. नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. सील फुटलं की ती दमट होते, आणि करंट तारेतून नळीत, नळीतून पाण्यात उतरतो.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख केलाच पाहिजे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही होत नाही.’ एमसीबी म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, आणि सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरच्या वर पडतो. माणसाच्या जिवाला त्याच्या शतांश भागाहूनही कमी करंट पुरतो. शॉकपासून वाचवणारी गोष्ट आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरची, आणि तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबल्यावर ती खटकन पडली तरच ती जिवंत आहे. जुन्या वाड्यांत आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत ती बऱ्याचदा नसते, आणि अर्थिंग तिसऱ्या भोकापुरतंच असतं, मागे वायर जोडलेली नसते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास आकडा दिसायला हवा. तो दिसत नसेल तर रॉड विकत घेऊ नका, पातेलं गॅसवर चढवा.

वापरायचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा झाला की रॉड जळतो किंवा माणूस झटका खातो. आधी बादली भरा, रॉड किमान खुणेपर्यंत बुडेल असा अडकवा, मग प्लग, शेवटी स्विच. काढताना आधी स्विच, मग प्लग उपसा, पंधरा-वीस सेकंद थांबा आणि मगच रॉड बाहेर. थांबायचं अशासाठी की नळीत साठलेली उष्णता पाण्यात उतरू द्यायची असते. चालू रॉड हवेत निघाला तर काही क्षणांत नळी लाल होते, आणि तशीच परत पाण्यात घातली तर तडकते. पाणी तापलं का हे बघायला चालू असताना बोट बुडवू नका. बादली प्लास्टिकचीच हवी. लोखंडी बादली किंवा आजीचं तांब्याचं घंगाळ दिसायला छान, पण करंट उतरला तर अख्खं भांडंच झटका देतं. प्लास्टिकला नळी टेकता कामा नये, दोन बोटं अंतर ठेवा. पातळ बादलीला भोक पडलं की पाणी ओसरतं आणि रॉड कोरडा तापतो.

एक गोष्ट पाकिटावर कुठेच छापत नाहीत. रॉड त्याच्या बरोबरीचं आणि वरचं पाणी तापवतो, खालचं नाही. वेटोळं बादलीच्या मध्यावर लटकत असेल तर वरचं पाणी चटका देणारं आणि तळाचं जसंच्या तसं गार राहतं. वेटोळं तळापासून तीन-चार सेंटिमीटरवर येईल असा लांब रॉड घ्या, आणि बंद करून प्लग काढल्यावर तांब्याने दोनदा ढवळा. ‘रॉडने पाणी नीट तापत नाही’ या तक्रारीतली निम्मी इथेच मिटते.

पर्यायांचं थोडक्यात. गॅसच्या शेगडीवर एक बादली पाणी तापवायला साधारण ऐंशी ग्रॅम गॅस जातो, म्हणजे परवडतं, पण उकळतं पातेलं स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत नेताना पायात येणारं मूल हा खरा धोका. तीन किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गिझर मिनिटाला जेमतेम दीड लिटर अंघोळीजोगं पाणी देतो. बादली भरायला बारा-तेरा मिनिटं, पण शॉवरची अपेक्षा ठेवू नका. गॅस गिझर वेगवान, मात्र बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड साठवतो, ज्याला वास नसतो. बसवायचाच तर बाथरूमबाहेर हवेशीर जागी बसवा, आणि पाइप गॅस आणि सिलिंडर यांचे जेट वेगळे असतात हे मेकॅनिकला आठवण करून द्या. तांबट आळीतला बंब या सगळ्यांत देखणा आणि टिकाऊ, फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोळसा कोण पेटवणार!

रॉड ही कुबडी आहे, म्हणून तो आणतानाच गिझरकडे दहा मिनिटं लक्ष द्या. बरेचदा गेलेला भाग हजार रुपयांच्या आतला असतो, आणि ‘टाकीच गेली, नवीन घ्या’ हे ऐकण्याआधी पुढच्या गोष्टी पडताळता येतात.

दिवाच लागत नाही: एमसीबी बघा, मग सॉकेट आणि प्लगच्या पिना. पिन काळी पडली असेल तर गिझर निर्दोष आहे, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदललं तर महिन्याभरात दुसरं पुन्हा त्याला खातं.

दिवा लागतो, पाणी गारच: मेन बंद करून खालचं झाकण काढा. थर्मल कटआउटवर छोटं बटण असतं. दाबल्यावर ‘टक’ आवाज आला तर तो पडलेला होता. एकदा दाबून चाललं आणि दोन दिवसांत पुन्हा पडलं, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत आणि पाणी अति तापतंय. बटण दाबत राहू नका, थर्मोस्टॅट बदला. बटण ठीक असेल तर एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून ओहम मोजा. २००० वॅटला साधारण २६, ३००० वॅटला १८ च्या आत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली.

चालू करताच आरसीसीबी पडते: एलिमेंटची नळी फुटून पाणी आत शिरलंय. साधा मल्टिमीटर हे दर वेळी पकडत नाही, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो. आरसीसीबी ‘सारखी पडते’ म्हणून तिला बायपास करून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कोमट पाणी येतं: इथे गिझरला उगाच दोष मिळतो. मिक्सर नळाचं काडतूस (आतली कार्ट्रिज) झिजलं की बंद नळातूनही गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. गिझरचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम नळ उघडा. तरीही धार लागली तर दोष मिक्सरचा.

खालून ठिबकतं: तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं बरोबरच आहे, पाणी प्रसरण पावतं. सतत धार असेल तर व्हॉल्व्ह किंवा पंपाचा दाब तपासा. झाकणाच्या आतून, फोममधून पाणी येत असेल तरच टाकी गेली, आणि मग खरोखर नवीन घ्या.

एलिमेंट बदलायचं तर सोबत नवं गॅस्केट आणि मॅग्नेशियमची अॅनोड कांडी मागून घ्या. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, त्यावर कांडी वर्षानुवर्षं टिकते. वाघोली, उंड्री, पिसोळीकडच्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं जड पाणी असलं तर दोन वर्षांनी तिची पेन्सिल झालेली दिसते. कांडी संपली की गंज थेट टाकीला धरतो. साचलेले क्षार काढायला बाथरूमचं अॅसिड वापरू देऊ नका, ते टाकीच्या आतला काचेचा थर आणि तांबं दोन्ही खातं. सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी पुरतं. आणि सगळं जोडून झाल्यावर गरम नळ उघडा ठेवून टाकी भरू द्या. नळातून हवेचे फुरफुर आवाज थांबून सलग धार आली की मगच स्विच. घाईत रिकाम्या टाकीत चालू केलेलं नवं एलिमेंट मिनिटभरात जातं आणि वॉरंटीत बसत नाही.

गिझर सुरू झाला की रॉडही त्याच सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, फक्त नळी, डोकं नाही. मऊ ब्रशने पांढरा थर काढा, पुसा, दोन दिवस वाऱ्यावर वाळवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाका. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट राहतो. पुढच्या डिसेंबरात काढाल तेव्हा आधी वायरला डोक्याजवळ वाकवून बघा, तिथे भेग दिसली तर तसाच भंगारात.