शो लाईनच्या नावाखाली भलतंच पिल्लू गळ्यात मारलं

जर्मन शेफर्ड घ्यायला निघालात की दोन शब्द हमखास कानावर पडतात: शो लाईन, म्हणजे प्रदर्शनांसाठी जोपासलेला वंश, आणि वर्किंग लाईन, म्हणजे कामासाठी जोपासलेला. फरक खोटा नाही. शो लाईनचा कुत्रा बहुधा काळा-तांबडा, पाठ मागे उतरती, चाल डौलदार. वर्किंग लाईनचा सेबल (करडा, केसांची टोकं काळी) किंवा काळा, पाठ सरळ आणि अंगात रग एवढी की काम दिलं नाही तर तो स्वतःच शोधून काढतो. पण विकणाऱ्याच्या तोंडी हे दोन्ही शब्द म्हणजे भाव वाढवायचे शिक्के. आम्ही अडतीस हजार मोजले ते शिक्क्याचे. कुत्रा निघाला वेगळाच.

गरज साधी होती. नाशिकला बैठं घर, आई ऐंशीच्या पुढची, सुट्टीत मुलीची लहान मुलं येणार. राखण करावी, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणलं की घरात गप पडून राहावं, एवढीच अपेक्षा. बसणं-थांबणं मुलगा शिकवणार होता. विकणाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "काका, मग वर्किंगच्या नादाला लागूच नका. ती पोलिसांची जनावरं. तुम्हाला प्युअर शो लाईन देतो. डबल कोट, हेवी बोन. बाप जर्मनीहून आणलाय."

या 'डबल कोट'चं एकदा सांगूनच टाकतो. वर राठ केस आणि खाली मऊ लोकर हे प्रत्येक जर्मन शेफर्डला असतंच, म्हणजे सगळेच डबल कोट. आपल्याकडे लांब केसांच्या पिल्लाला हे नाव लावून जास्तीचे पैसे उकळतात, आणि गिऱ्हाईकही मोठ्या कौतुकाने चारचौघांत सांगत फिरतं.

पिल्लू होतं सेबल. "शो लाईनमध्ये सेबल रेअर असतं, म्हणून तर हा रेट," असं त्याने ऐकवलं. मग आई म्हणून शेडमधून एक मादी आणली. काळी-तांबडी, केस तेल लावल्यासारखे चकचकीत, पोट आत गेलेलं. पिल्लू तिच्याजवळ फिरकलंसुद्धा नाही. दोन महिन्यांच्या पिल्लांची आई अशी नसते, हे पुढे पशुवैद्यांनी सांगितलं. तिची आचळं लोंबलेली असतात, केस गळालेले असतात, अंग उतरलेलं असतं. बापाचा तर नुसता मोबाईलमधला फोटो, कारण तो म्हणे "बाहेर स्टडला", म्हणजे दुसरीकडे प्रजननासाठी, गेला होता. फोटोतला कुत्राही काळा-तांबडाच.

फसवणुकीचा पुरावा खरं तर तिथेच उघड्यावर पडला होता. सेबल पिल्लू जन्मायला आई-बापांपैकी एक तरी सेबल असावाच लागतो. काळी-तांबडी मादी आणि काळा-तांबडा नर यांना सेबल पिल्लू होत नाही. म्हणजे दाखवलेल्या दोघांपैकी निदान एक तरी त्याचं कुणी नव्हतं. बहुतेक दोघंही नसावेत.

केनेल क्लबचा वंशावळीचा कागद 'मागाहून' येणार होता. खूप मागे लागल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो आला. त्यावर रंग काळा-तांबडा आणि लिंग मादी. आमचा नर! कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचा पंधरा आकडी नंबर मात्र छापलेला होता. डॉक्टरांनी स्कॅनर मानेवरून, खांद्यांवरून, पार पुढच्या पायांपर्यंत फिरवला. बीप वाजलाच नाही.

सहा महिन्यांचा होईपर्यंत तो घरात कुणाला बसू देईना. आईच्या साडीचा काठ धरून ओढायचा, नातवंडं पळाली की त्यांच्या टाचा पकडायचा, रात्री फाटकापाशी येरझाऱ्या. एका जाणत्या ट्रेनरने चिंधीचा बोळा नुसता हलवून पाहिला आणि तो त्याला असा लटकला की चारही पाय जमिनीवरून सुटले. त्याच्या मते यात बेल्जियन मॅलिनॉइजचं, म्हणजे पोलीस-लष्करात वापरतात त्या चपळ जातीचं, रक्त आहे. ज्याला दररोज तासन् तास काम करून घ्यायचंय त्याच्यासाठी उत्तमच म्हणा. म्हाताऱ्या माणसाच्या घरात नव्हे. आता मुलगा पहाटे त्याला माग काढायला शिवारात नेतो, तेव्हा कुठे दुपारी डोळा लागतो.

आणि शो लाईन म्हणजे काही काम न करणारा कुत्रा, हीसुद्धा थापच. जर्मनीतली जर्मन शेफर्डची मूळ संस्था १८९९ सालची. तिच्या रिवाजाप्रमाणे शो लाईनच्या नरालासुद्धा प्रजननाआधी माग, आज्ञापालन आणि संरक्षण अशी परीक्षा द्यावी लागते, खुब्यांचे एक्स-रे लागतात, आणि हे सगळं वंशावळीच्या कागदावर उतरतं. तेव्हा "बाप जर्मनीचा" असं कुणी म्हणालं की त्या नोंदी दाखवायला सांगा. नुसता ट्रॉफीजवळचा फोटो चालवून घेऊ नका. आपल्याकडे २०१७ पासून ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी. नोंदणीचा नंबर विचारला की विषय बदलणारेच जास्त भेटतील. चिप पैसे देण्याआधी, समोर, आपल्या डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि कागदावरच्या नंबराशी ताडून पाहा. 'पेपर मागाहून' असेल तर निम्मे पैसेही मागाहून.

विकणाऱ्याला जाब विचारला तर म्हणे, "काका, पिल्लू तुम्हीच पसंत करून नेलंत." त्यानंतर नंबर ब्लॉक. निम्मी रक्कम रोख मागितली होती ती कशासाठी, हे तेव्हा लक्षात आलं. रोखीचा काही पुरावाच नाही. बाकीची यूपीआयने गेली होती, आणि 'शो लाईन, पेपरसकट' हे त्याचे शब्द चॅटमध्ये शाबूत होते. त्या दोन गोष्टींवर ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. जाहिरात अजून चालू आहे. नाव वेगळं, गाव वेगळं, बापाचा फोटो तोच. फक्त या वेळी तो वर्किंग लाईनचा आहे.