एका गंजक्या बोल्टचे १९,३५० रुपये

लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीला ओहमचा नियम, दहावीला फ्यूज आणि शॉर्टसर्किट, गेली सोळा वर्षं. आणि मलाच गाडीच्या मागच्या दिव्यापायी एकाने १९,३५० रुपयांची टोपी घातली. स्टाफरूममध्ये अजून कुणाला माहीत नाही.

जुलैतला शनिवार. पुण्याहून कोल्हापूरला येत होतो. २०१४ ची हॅचबॅक, मागे आई आणि धाकटी. साताऱ्याच्या पुढे पाऊस लागला म्हणून दिवे लावले. थोड्या वेळाने एक ट्रकवाला हॉर्न देत शेजारी आला आणि हाताने खूण केली, मागचं बघ. कडेला घेतलं, धाकटीला छत्री देऊन मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. "बाबा, तुम्ही दाबलं की उजवीकडचा दिवा विझतोय." लागायच्या ऐवजी विझतोय! दिवे बंद करून ब्रेक दाबला तर नंबर प्लेटचा दिवा मिणमिणला. उजवा इंडिकेटर दिला तर पार्किंगचा दिवाही (दिवे लावले की मागे मंद जळतो तो) त्याच्या तालावर लुकलुकायला लागला. गाडीला बाहेरची बाधा झाल्यासारखं.

ज्यांना यातलं कळतं ते इथेच हसले असतील. हसा.

पुढे हायवेलगत एक गॅरेज दिसलं. कुठलं ते विचारू नका, नाव घेतलं तर उलट मलाच नोटीस येईल. माणूस गोड बोलणारा. आईला खुर्ची दिली, चहा मागवला. स्टिअरिंगखाली कसलासा डबा जोडला आणि म्हणाला, "सर, बीसीएम गेलाय. गाडीचा मेंदू असतो तो. मागचं वायरिंगपण आतनं जळलंय." वर तळहातावर लाल रंगाचा दहा अँपिअरचा फ्यूज ठेवून दाखवला, आतली पट्टी तुटलेली. मी मान डोलावली! अरे, त्या लाइनचा फ्यूज उडाला असता तर दिवा मिणमिणला कुठून असता? तो फ्यूज माझ्या गाडीतला नव्हताच, त्याच्या खिशातला होता.

पण हे काहीच नाही. खरा क्षण पुढचा. आठवला की आजही कानशिलं तापतात.

मी आईच्या गोळ्यांची पिशवी काढायला डिक्कीकडे गेलो. तो उजव्या दिव्याचा होल्डर बाहेर काढून बसला होता. त्याचा पोरगा पुढे ब्रेक दाबून होता. याने वीतभर हिरवी वायर घेतली, एक टोक होल्डरला लावलं, दुसरं डिक्कीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं. आणि दिवा लख्ख पेटला. इंडिकेटर सुरळीत. सगळं जागेवर. मी दोन फुटांवर उभा होतो. मला बघताच त्याने वायर काढली. मी विचारलं, "हे काय केलंत?" "टेस्टिंग, सर. तुम्ही आत बसा, भिजताय."

आणि मी आत जाऊन बसलो.

हीच गोष्ट वर्गात एखाद्या पोराने केली असती तर मी फळ्यावर आकृती काढून समजावलं असतं. गाडीत बॅटरीचा प्लस वायरीने येतो: फ्यूज, स्विच किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच), मग बल्ब. परत जायला मात्र वेगळी वायर बॅटरीपर्यंत नेत नाहीत. गाडीचा पत्राच मायनस, त्यालाच बॉडी अर्थ म्हणतात. मागच्या दिव्यात बऱ्याच गाड्यांना एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, २१ वॅटची ब्रेकसाठी आणि ५ वॅटची पार्किंगसाठी. अर्थ दोघींचा एकच. तो अर्थ सुटला की ब्रेकचा करंट आपली वाट सोडून पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि नंबर प्लेटच्या बल्बमधून अर्थ गाठतो. म्हणून तो मिणमिणतो. आणि पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला तर दोन्ही फिलामेंटना बारा-बारा व्होल्ट मिळतात, परतीची वाट नाही, म्हणून दिवा विझतो. पत्र्याला वायर टेकवल्यावर सगळं ठीक झालं म्हणजे मेंदू शाबूत, वायरिंग शाबूत, फक्त अर्थ गेला होता. सोळा वर्षं शिकवून हे मला दोन फुटांवरून कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, थांबायचं होतं. रात्रीचे साडेआठ, धो धो पाऊस, आईची इन्सुलिनची वेळ टळत आलेली, आणि मागचा दिवा नसलेली गाडी हायवेवर. तुम्ही काय केलं असतंत? गुन्हा त्याचा आहे, माझ्या विज्ञानाचा नाही. असं मी बायकोला सांगतो. ती काही बोलत नाही.

हिशोब असा: बीसीएम ९,८००, वायरिंगचा सेट ६,२००, ब्रेक स्विच ८५०, मजुरी २,५००. दीड तासात "सगळं बदललं". जुने पार्ट मागितले तर "कंपनीला परत द्यावे लागतात" म्हणाला. हे वाक्य जिथे ऐकाल तिथे पाकीट खिशात ठेवा. यूपीआयने पैसे घेतले आणि पावती दिली ती वहीच्या कागदावर, "इलेक्ट्रिक काम" एवढंच लिहिलेली. आणखी एक, बऱ्याच गाड्यांत बीसीएम बदलला की चावी नव्याने जुळवावी लागते. माझा रिमोट त्याच मिनिटाला चालला. तेही डोक्यात आलं नाही.

अकराव्या दिवशी दिवा परत विझला. मला कळायच्या आधी सरकारला कळलं, ब्रेक लाइट बंद म्हणून ५०० रुपयांचं चलन मोबाइलवर हजर. गल्लीतल्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, लावला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "सर, अर्थ न्हाई ओ." दिव्याच्या रबरातून पाणी झिरपून आतला अर्थचा बोल्ट गंजला होता. हिरवी वायर एका स्क्रूला नुसती पिळा मारून अडकवलेली, ती सुटून लोंबत होती. नवा मेंदू? २०१४ चंच लेबल, त्यावर दहा वर्षांची धूळ. नवं वायरिंग? जुन्या वायरींवर नवी काळी टेप. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, वर ग्रीस. १२० रुपये.

मग सुरू झाली माझी वारी. जवळच्या चौकीत ऐकून घेतलं, हसले, म्हणाले, काम तुमच्यासमोर झालं, पैसे तुम्हीच दिले, मग फसवणूक कसली? शिवाय गॅरेज आमच्या हद्दीत नाही. गॅरेजच्या हद्दीतल्या चौकीला फोन केला तर म्हणाले, तुम्ही राहता तिथे द्या. बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पाच आठवड्यांनी मेसेज आला: समोरून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. म्हणजे चोराने उत्तर दिलं नाही म्हणून चोर सुटला! ब्रेक लाइटचं चलन फाडायला एक दिवस पुरतो. त्या लाइटच्या नावाने लुटणाऱ्याला नुसतं विचारायला मात्र अख्ख्या जिल्ह्यात कुणाला सवड नाही. गॅरेजवाला फोनवर काय म्हणाला ऐका: "सर, इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नसते."

दीडशे-दोनशेचा टेस्ट लॅम्प गाडीत ठेवा. फ्यूज उडाला तर लालच्या जागी लालच घाला, वीसचा पिवळा घालून वायरिंग जाळू नका. दिवे विचित्र वागले, एकाची दुसऱ्यात सरमिसळ झाली, तर आधी अर्थ बघायला सांगा. आणि पक्कं बिल मागा. बिल नाकारणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

त्याच कायद्याने आता स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझी फाइल तयार आहे: यूपीआयची नोंद, वहीचा कागद, धुळीसकट बीसीएमचे फोटो. वकील मित्र म्हणाला, दोष फक्त अर्थचा होता याचा कागद हवा, त्या इलेक्ट्रिशियनचं बिल आण. त्या १२० रुपयांचं बिल मीही घेतलेलं नाही. आणि त्याच्याकडे बिलबुकच नाही.