बँकेची नोटीस आणि कोर्टातलं मोफत कायदा सल्ला केंद्र: आमचा अनुभव

घरी बँकेचा जाडजूड लिफाफा येऊन पडलाय आणि तो उघडायचं धाडस कुणाला होत नाही, अशा घरांसाठी हे लिहितेय. बेळगावच्या कोर्टातल्या मोफत कायदा सल्ला केंद्राची सेवा आम्हाला कशी मिळाली, तिचा कुठपर्यंत उपयोग झाला आणि कुठे तिचं बळ संपतं, हे सगळं सांगते.

मी अनगोळला घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. हे उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. 2017 साली आम्ही इथल्या एका सहकारी बँकेकडून 12 लाखांचं घरकर्ज काढलं, पंधरा वर्षांच्या मुदतीचं. हप्ता 12,900. सात वर्षं एकही हप्ता चुकला नाही. 2024 च्या पावसाळ्यात फाउंड्रीच्या ऑर्डरी आटल्या, काम आठवड्याचे तीन दिवस राहिलं आणि ऑगस्टपासून हप्ते थकले.

मला वाटत होतं, एखाद-दुसरा हप्ता मागं पडलाय, दिवाळीनंतर भरू. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गणपतीच्या मखराचं सामान नीट लावायला ट्रंक काढली, तर तळाशी तीन लिफाफे. दोन फोडलेले, एक तसाच. यांना विचारलं तर खाली मान घालून बसले. शेवटी म्हणाले, "तुला कशाला घोर लावायचा म्हणून ठेवलं." रागावायचं तरी कसं? त्या महिन्यात त्यांनी चहासुद्धा सोडला होता.

तिसऱ्या लिफाफ्यातली नोटीस इंग्रजीत होती. तारीख 9 डिसेंबर 2024. त्यात थकलेले हप्ते मागितले नव्हते, सगळंच कर्ज मागितलं होतं: 8,67,420 रुपये, साठ दिवसांत. तो आकडा बघून माझे हातपाय गार पडले.

त्याच आठवड्यात एक माणूस घरी आला. "मॅनेजर आपल्या ओळखीचे आहेत, सेटलमेंट करून देतो, एक हप्ता भरला की नोटीस रद्द." सहा हजार घेऊन गेला. नंतर फोन उचलेना. ते पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगते, दारात येऊन असं कुणी बोललं तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

केंद्राचं नाव मला आमच्या भिशीतल्या एका बाईनं सांगितलं. 2 जानेवारीला, गुरुवारी सकाळी गेले. चन्नम्मा सर्कलला उतरलं की कोर्ट जवळच. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण कुठं, असं आवारात विचारलं की दाखवतात. मला वाटलं होतं उत्पन्नाचा दाखला लागेल, गरिबीचं कार्ड लागेल. बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही. 1987 च्या कायदा सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलंय. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कारखान्यातले कामगार, सगळ्यांना मोफत. अर्ज कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. तिथल्या मुलीनं मला विचारत विचारत भरून दिला. पैसे कुणी मागितले नाहीत, चहापाण्याचेसुद्धा नाहीत.

ज्या वकीलबाई मला दिल्या त्या माझ्या मुलीच्या वयाच्या, खानापूरकडच्या. मराठी आमच्यासारखंच बोलतात. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर नोटीस माझ्यासमोर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेल्या. नवऱ्यानं लपवलेला, मला न कळणारा तो कागद पहिल्यांदाच मला कळला. मग पेन्सिलीनं नोटिशीच्या पाठीवर एक आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला 9 डिसेंबर, उजव्या टोकाला 7 फेब्रुवारी. मधे एक टिंब. "काकू, तुम्ही आज इथं उभ्या आहात. चोवीस दिवस गेले, छत्तीस हातात आहेत." इतके दिवस रात्री डोळा लागत नव्हता, त्या टिंबाकडं बघून मला जरा धीर आला. घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाडाखोडीच्या शेजारी, मी तेच आकडे लिहिले.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं खातं, धरते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खाली साठ दिवसांची नोटीस येते. या कायद्यात बँकेला आधी कोर्टात जायची गरज नसते. इथं हे मधे बोलले, "सहकारी बँकेला कोर्टात जावंच लागतं म्हणतात की हो?" आमच्या फाउंड्रीत सगळ्यांची तशीच समजूत. वकीलबाईंनी सांगितलं, ती समजूत सोडा. निपाणीच्या पलीकडं मुरगूड आहे ना, तिथल्याच एका सहकारी बँकेच्या खटल्यात 5 मे 2020 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो.

मग माझ्या हातात काय? नोटिशीवर हरकत घेता येते, लेखी. बँकेला ती विचारात घ्यावीच लागते, आणि पटली नाही तर पंधरा दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यावं लागतं. नुसतं "आम्ही अडचणीत आहोत" एवढं लिहून भागत नाही, हिशोबात काही चूक असेल तर ती दाखवावी लागते. "पावत्या आहेत का?"

पावत्या माझ्याकडं होत्या. टेप आणि खडूच्या डब्यात, एका प्लास्टिकच्या पिशवीत. वकीलबाईंनी एकेक पावती बँकेच्या उताऱ्याशी लावली. सप्टेंबरला मी ब्लाउजच्या पैशातून 12,900 रोख भरले होते, ते उताऱ्यात कुठंच नव्हते. पावती उजेडाकडं धरली तेव्हा दिसलं: काउंटरवरच्या माणसानं खाते नंबर पेनानं लिहिलेला, आणि शेवटून दुसरा आकडा 7 असायला हवा तो 1 दिसत होता. माझे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा झाले होते.

दुसरी गोष्ट दंडाची. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज आणि त्यावर पुन्हा व्याज असं उताऱ्यात चढत गेलं होतं. रिझर्व्ह बँकेनं 18 ऑगस्ट 2023 ला परिपत्रक काढलंय: दंड हा दंड म्हणूनच लावायचा, व्याजाच्या दरात मिसळायचा नाही आणि त्यावर व्याज धरायचं नाही. रात्री नऊला वसुलीवाल्याचे फोन यायचे, तेही हरकतीत लिहिलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

6 जानेवारीला हरकत दिली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, असं मला बजावलं होतं. मी हलले नाही. बाराव्या दिवशी उत्तर आलं. सप्टेंबरचा हप्ता बँकेनं मान्य केला, दंड कमी केला. बाकी नोटीस कायम.

इथं वकीलबाईंनी मला खोटी आशा दाखवली नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात जास्त आदर आहे. स्पष्ट म्हणाल्या, "काकू, हरकतीनं कर्ज माफ होत नाही. बँकेची चूक एका हप्त्याची, तुमची पाच हप्त्यांची." एनपीए झालेलं खातं पुन्हा सुरळीत व्हायला सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याज, भरावी लागते. एखादा हप्ता भरून चालत नाही. म्हणजे त्या सहा हजारवाल्यानं शुद्ध थाप मारली होती. आणि थकबाकी भरल्यावर नोटीस मागं घ्यायची की नाही, हे बँकेनं ठरवायचं. म्हणून त्यांनी मॅनेजरना आधी पत्र लिहून लेखी होकार मागवला, मगच पैशाची जुळवाजुळव करायला सांगितली. लोकअदालतीचाही रस्ता होता. तिथं कोर्ट फी लागत नाही, आणि झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की. आम्हाला तिथंवर जावं लागलं नाही.

पाच हप्ते, दंड आणि नोटिशीचा खर्च धरून 68,150 झाले. यांच्या पीएफमधून 40,000, माझी भिशी 20,000, उरलेले लग्नसराईच्या शिलाईचे. 31 जानेवारीला भरले. नोटीस मागं घेतल्याचं पत्र फेब्रुवारीत मिळालं. ते मी ट्रंकेत ठेवलं नाही, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय, यांनाही आणि मुलीलाही ठाऊक आहे.

केंद्रात दोन-तीन वेळा बाकावर बसावं लागलं, त्यात बरंच कळलं. खानापूर तालुक्यातले एक आजोबा शेतावरच्या कर्जाची नोटीस घेऊन आले होते, घाबरून गेलेले. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. कर्ज फेडायचंच आहे, पण त्या कायद्यानं जमीन जाणार नाही, एवढं कळलं तरी माणूस घरी जाऊन जेवतो.

या सेवेचं बळ कुठं संपतं, तेही सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारकाम करणारे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवली, तोरणाच्या बरोबर खाली. ती दोन वर्तमानपत्रांतही द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. छापून आली ती कन्नड पेपरात. त्यांच्या घरी मराठी पेपर येतो. त्यांच्या साठ दिवसांच्या नोटिशीला कुणीच हरकत घेतली नव्हती. वहिनी भांडी बांधायला लागल्या होत्या. त्यांना मीच केंद्रात नेलं.

वकीलबाई म्हणाल्या, हा कागदावरचा ताबा, राहत्या घरातून उद्या कुणी काढणार नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक डीसी साहेबांकडं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, अर्ज करते, त्यांचा हुकूम व्हावा लागतो. पण आता बँकेला पत्र लिहून भागायचं नाही. बँकेच्या कारवाईत चूक असेल तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागावी लागते, आणि ते बेंगळूरला आहे. पैसे भरून घर सोडवायची संधी लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच असते, त्यानंतर नाही. लिलाव झालाच, तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम घरमालकाला परत मिळायला हवी, तीही लेखी मागून घ्या. वहिनी सगळं ऐकून घेत होत्या, मधेच त्यांनी मला विचारलं, "आधी यायला पाहिजे होतं ना?" मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते.

जाताना न्यायचे कागद: नोटीस लिफाफ्यासकट, कर्जाचा करार, खात्याचा उतारा, रोख भरल्याच्या सगळ्या पावत्या, आधार. ज्यांना कोर्टात जायला अवघड वाटतं त्यांनी 15100 वर फोन करावा, तो देशभर चालतो. कर्जावर बायकोचं नाव असेल तर तिनंच जावं, उत्पन्नाची अट आड येत नाही.

सुतारांचा त्या 45 दिवसांतला आज सतरावा दिवस. बेंगळूरच्या एका वकिलांचा पत्ता वकीलबाईंनी लिहून दिलाय. रविवारच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत, आणि वाटेत खायला मी दशम्या करून देणार आहे.