‘फ्लूचं काम म्हणजे गॅसचं काम नव्हे’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरच्या फ्लूच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, कामात आम्हाला एकाने फसवलं. पैसे गेलेच, पण त्याने घरात काय करून ठेवलं होतं ते कळल्यावर हातपाय गार पडले.

आमच्या बॉयलरची पांढरी वाफ थंडीत शेजारणीच्या खिडकीवर जायची. तिची तक्रार रास्त होती. फ्लू थोडा वर नेऊन त्याचं तोंड वळवायचं, एवढंच काम. ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा नंबर मिळाला. तो आला, गोड बोलला. म्हणाला, “दीदी, ये तो सिर्फ पाइप है, गैस को हाथ भी नहीं लगाना.” कार्ड विचारल्यावर मोबाइलवर गॅस सेफच्या (इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीच्या) कार्डाचा फोटो दाखवला, तोही फक्त पुढच्या बाजूचा. २५० पौंड रोख घेतले आणि पावती नंतर पाठवतो म्हणाला. ती आलीच नाही.

पुढे वार्षिक सर्व्हिसिंगला आलेल्या इंजिनिअरने फ्लू पाहिला आणि बॉयलर बंदच केला. त्याने नीट समजावलं, म्हणून इथे सविस्तर सांगते. आपल्या बॉयलरचा फ्लू म्हणजे नळीत नळी असते. आतल्या नळीतून जळलेला वायू बाहेर जातो, बाहेरच्या नळीतून ज्वलनासाठी ताजी हवा आत येते. आमच्याकडे दुसऱ्याच कंपनीचा एल्बो (नळी वळवायचा तुकडा) दाबून बसवला होता, आतलं रबरी सील नव्हतं आणि फट सिलिकॉनने बुजवली होती. त्यामुळे जळलेला वायू पुन्हा आत येणाऱ्या हवेत मिसळत होता. अशाने ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात आपल्याकडे गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हाच वायू असतो. सुरक्षित फ्लूमध्ये आत येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन २०.६ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. हे मोजायला यंत्र लागतं. त्या माणसाने असलं यंत्र आणलंही नव्हतं.

म्हणजे फ्लू हा बॉयलरचाच भाग. तो सुटा केला की ज्वलन पुन्हा तपासावंच लागतं, आणि ते काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या माणसाचंच. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार नोंदणी नसलेल्याने पैसे घेऊन गॅसच्या उपकरणावर काम करणं बेकायदा आहे.

फोटोतला नंबर मी रजिस्टरवर तपासला. नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कुणाचा! तक्रार नोंदवली आहे.

तुमच्याकडे कुणी आला तर कार्ड हातात मागा. चेहरा आणि मुदत जुळवा, मग कार्ड उलटून बघा. कुठल्या कामाची पात्रता आहे ते मागे लिहिलेलं असतं. कुणाकडे शेगडीची असते, बॉयलरची नसते. तोच नंबर रजिस्टरच्या वेबसाइटवर घाला. खरा माणूस यावर कधीच चिडत नाही.

अशा कुणाकडून फ्लूचं काम करून घेतलं असेल, तर बॉयलर बंद ठेवून आधी तपासून घ्या. बॉयलर चालू असताना घरात डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं होत असेल तर खिडक्या-दारं उघडा, बॉयलर बंद करा, सगळे बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो.