डेबियन पॅकेज: स्वतःच्या नावावर ठेवावं की टीमकडे द्यावं?

डेबियन या लिनक्स प्रणालीत नवं पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर) आणताना त्याची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमधल्या 'मेन्टेनर' (सांभाळणारा) या ओळीत एकच पत्ता बसतो: तुमचा, नाहीतर टीमच्या मेलिंग लिस्टचा. टीमचा दिलात तर 'अपलोडर्स' या ओळीत निदान एका खऱ्या माणसाचं नाव लागतं, हा धोरणातला नियम आहे.

फरक जाणवतो तो दुरुस्तीच्या वेळी. टीमच्या पॅकेजला कुठलाही सदस्य हात लावतो. चेंजलॉगच्या (बदलांच्या नोंदीच्या) वर 'टीम अपलोड' लिहायचं, आवृत्ती १.२-३ ची १.२-४ करायची, झालं. एकट्याच्या पॅकेजसाठी बाहेरच्याला एनएमयू (मेन्टेनर नसलेल्याने केलेलं अपलोड) करावा लागतो: आवृत्ती १.२-३.१, केलेला बदल बगच्या नोंदीवर पाठवायचा आणि अपलोड 'डिलेड' रांगेत (ठरलेल्या दिवसांनंतरच आत घेणाऱ्या) टाकायचं. प्रघात असा, की रिलीज अडवणारा बग आठवड्याहून जुना असेल तर २ दिवस थांबायचं, 'इम्पॉर्टंट' बग असतील तर ५, बाकी कशालाही १०. रिलीज अडवणारा बग तसाच राहिला तर पॅकेज 'टेस्टिंग'मधून (पुढच्या रिलीजची तयारी चालते त्या शाखेतून) सहसा आपोआप निघतं आणि त्यावर अवलंबून असलेलीही सोबत घेऊन जातं.

म्हणून पर्ल, पायथन, गो या प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्ररी टीमकडेच बऱ्या. पर्लची नवी आवृत्ती आली की शेकडो पॅकेज एका झटक्यात तपासावी लागतात. तिथे दर पॅकेजला वेगळा मालक शोधत बसणं परवडत नाही. देवनागरीचे लोहित फॉन्टही फॉन्ट टीमकडेच आहेत.

एकट्याची बाजू कमकुवत नाही. पॅकेज टोकाचं असेल, म्हणजे इतर काहीच त्यावर अवलंबून नसेल, आणि मूळ लेखक वर्षाला एखादीच आवृत्ती काढत असेल, तर टीमचे रिपॉझिटरीचे (कोड ठेवायच्या जागेचे) नियम, ठरलेली ब्रँचची नावं हा नुसता भार. बगची मेल थेट तुमच्याकडे येते. टीममध्ये ती लिस्टवर जाते आणि 'कुणीतरी बघेल' या भरवशावर कुणीच बघत नाही. त्यामुळे टीम निवडली तरी डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर आपल्या पॅकेजची सदस्यता वेगळी घ्या.

सगळ्यात वाईट प्रकार तिसराच: नाव टीमचं, काम करणारा एकच. बाहेरून पॅकेज सांभाळलेलं दिसतं, त्यामुळे मदतीला कुणी येत नाही. टीमकडे द्यायच्या आधी तिच्या इतर पॅकेजचे चेंजलॉग चाळा. गेल्या वर्षभरात अपलोड करणारी निदान तीन वेगळी नावं दिसायला हवीत.

माणसं वाढली म्हणजे सुरक्षा वाढली, असंही नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) घातलं गेलं, ते थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याच्या मदतीला आलेल्या दुसऱ्या माणसाकडून. ते चालू करणारी ओळ टारबॉलमधल्या (प्रकाशित केलेल्या कोडच्या गठ्ठ्यातल्या) एका बिल्ड फाइलमध्ये होती, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) नव्हती. टारबॉल आणि गिटचा टॅग ताडून बघणं दोन्ही पद्धतींत तुमचंच काम.

एकट्यानेच ठेवायचं ठरलं, तर रिपॉझिटरी साल्सा या डेबियनच्या गिट सर्व्हरवरच्या सामायिक 'डेबियन' गटात ठेवा, म्हणजे कुठल्याही डेबियन डेव्हलपरला थेट बदल करता येतो. एनएमयूला हरकत नसल्याचं त्यासाठीच्या विकी यादीत नोंदवा. हात अपुरे पडले तर 'आरएफएच', नवा मालक हवा असेल तर 'आरएफए', सोडायचंच असेल तर 'ओ' असा बग उघडा. गप्प बसलात तर दुसऱ्याला ताबा मागून किमान २१ दिवस तुमच्या उत्तराची वाट बघावी लागते.