टीव्हीवरचा कोड आणि माझे ५३,४४४ रुपये

आईबाबांच्या टीव्हीवर मालिकांचं अ‍ॅप पुन्हा सुरू करून देताना माझे ५३,४४४ रुपये गेले. बाबांचे नाही, माझे. सांगायला लाज वाटते, कारण घरातल्या वायफायपासून मामांच्या मोबाइलपर्यंत सगळं मीच लावून देतो आणि 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे सगळ्यांना मीच बजावत असतो. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. तरी गेले.

संध्याकाळी सव्वासातला बाबांचा फोन आला. "अरे, टीव्ही लॉगआउट झालाय, कसला तरी कोड दाखवतोय." साडेसातला आईची मालिका आणि मी ऑफिसातून घरी निघालेलो, रिक्षात. अ‍ॅपचं नाव आणि 'टीव्ही कोड' एवढं सर्च केलं, सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात होती. तिच्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, पण धावत्या रिक्षात कोण वाचतं? लोगो तोच, रंग तेच, कोडच्या चौकटीही तशाच. कोड टाकल्यावर लाल अक्षरांत 'नोंदणी अपूर्ण, हेल्पलाइनला फोन करा' आणि खाली नंबर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल: स्वच्छ मराठी बोलणारा माणूस, 'सर, मी करून देतो ना', स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप, आणि पडताळणीचे फक्त ५ रुपये, तेही कार्डानेच. कुठलंही अ‍ॅप टीव्ही जोडायला वेगळे पैसे घेत नाही. ५ रुपयेसुद्धा नाही.

बाबांना मी कॉन्फरन्सवर घेतलं होतं. मी कार्डाचा नंबर टाकत असताना ते मध्येच म्हणाले, "अरे, इथला कोड बदलला. आता वेगळाच आलाय."

तो कोड काही मिनिटांनी आपोआप बदलतो, हे मला माहीत आहे. जुना कोड बाद झाला की त्यावर जगात कुणालाच काही करता येत नाही. आणि तो माणूस त्याच बाद कोडवर 'सत्तर टक्के झालंय सर' म्हणत होता. नवा कोड त्याने विचारलासुद्धा नाही, कारण त्याला कोडशी काही देणंघेणंच नव्हतं. बाबांनी पुन्हा विचारलं, "वाचून दाखवू का?" मी म्हणालो, "बाबा, तुम्ही जरा गप्प बसा, मी बोलतोय ना!" ते गप्प बसले. गेलेल्या पैशांपेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते ऐका. खरा कोड लागला की टीव्हीचा पडदा काही सेकंदांत बदलतो. नाही बदलला तर फोन ठेवा, तिथल्या तिथे.

७:४१ ला ५ रुपये. ७:४४ ला २४,९९९. ७:४७ ला १८,४५०. 'मेसेज येतील, तिकडे लक्ष देऊ नका, प्रोसेस थांबेल' असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ओटीपी माझ्या स्क्रीनवर आला आणि त्याने तिथूनच वाचला. त्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते. मी नीट वाचलं असतं तर ५ च्या जागी २४,९९९ दिसले असते.

भानावर आल्यावर मी ते अ‍ॅप काढून टाकलं आणि ७:५२ ला बँकेला फोन लावला. भाषा निवडा, कार्डाचे शेवटचे चार अंक दाबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे. ७:५८ ला आणखी ९,९९० रुपये गेले, परदेशी वेबसाइटवर, ओटीपीशिवाय. प्रतिनिधी बोलायला आला ८:०६ ला. कार्ड बँकेच्या अ‍ॅपमधून दोन टिचक्यांत बंद होतं, पण तेव्हा हात थरथरत होते, सुचलं नाही. तुम्ही फोन लावण्याआधी ते करा. परदेशी व्यवहारही आजच बंद करून ठेवा. एका कोर्ससाठी मी ते चालू केले होते आणि तसेच राहिले.

बँकेचं उत्तर: 'ओटीपी वापरला गेला आहे, जबाबदारी ग्राहकाची.' आणि ते ९,९९०? 'तक्रार ८:०६ ला नोंदली आहे.' मग मी १४ मिनिटं लाइनवर काय करत होतो? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी आता तोंडपाठ केलंय. ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. अलर्टच्या एसएमएसला तिथूनच उत्तर देऊन तक्रार करता आली पाहिजे, हेही त्यात लिहिलंय. माझ्या बँकेच्या एसएमएसमध्ये काय होतं? तोच फोन नंबर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला चौथ्या प्रयत्नात फोन लागला. तिथल्या बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो तर 'सायबरला जा'. सायबरला गेलो तर 'तुमच्या ठाण्यातून पत्र आणा'. परत ठाण्यात, तर 'पैसे गेले तेव्हा रिक्षा कुठे होती? ती हद्द आमची नाही.' हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात आणि नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. मी कलम सांगितल्यावर साहेब म्हणाले, "एवढं माहीत होतं तर फसलात कसे?" अडीच तास बाकावर बसवून शेवटी साधा अर्ज घेतला. पोचही मागून घ्यावी लागली. तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेला लेखी तक्रार दिली आहे, ७:५२ च्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडून. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. आज २३ वा दिवस आहे.

टीव्ही मी त्याच रात्री सुरू करून दिला. फोनवरचं मूळ अ‍ॅप उघडलं, त्यातच टीव्ही जोडायचा पर्याय होता. बाबांनी कोड वाचला, एकेक अक्षर, सावकाश. अर्ध्या मिनिटात लागला.