तपासणी उत्तम, अहवाल अपुरा: पणजीजवळच्या एका एमआरआय केंद्राचा अनुभव

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. सेवेत असताना त्यांच्यापासून थोड्या अंतरावर सुरुंग फुटला होता. पाच-दहा मिनिटे शुद्ध हरपली, दोन दिवस कान वाजत राहिले आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा ड्यूटीवर हजर झाले. बेशुद्धी 30 मिनिटांच्या आत संपली आणि स्मृतीतला खंड 24 तासांपेक्षा जास्त टिकला नाही, तर अशा आघाताला वैद्यकशास्त्र मेंदूची सौम्य दुखापत म्हणते. ‘सौम्य’ हा शब्द त्या पहिल्या दिवसापुरता खरा असतो. पुढच्या वर्षांबद्दल तो काहीच सांगत नाही. मामांचे डोके आजही दुखते, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळून फटाके फुटतात तेव्हा ते मागच्या खोलीत दार लावून बसतात, आणि जत्रेच्या नाटकात आयुष्यभर प्रॉम्प्टरकडे न पाहता काम केलेल्या या माणसाला यंदा एकाच प्रवेशात तीनदा वाक्य सुचवावे लागले. तेव्हा डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितले.

केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एका व्यक्तीविरुद्ध नसून कामाच्या पद्धतीविरुद्ध आहे. तपासणीच्या बाबतीत मात्र मला कौतुकच करायचे आहे. शरीरात धातूचा तुकडा आहे का, या प्रश्नावर मामांनी गालातून छर्रे काढल्याचे सांगताच तंत्रज्ञ मुलीने फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून रेडिओलॉजिस्टना दाखवला. तीन टेस्लाच्या चुंबकासमोर डोळ्याजवळ राहिलेला लोखंडाचा कणसुद्धा हलून दृष्टी घेऊ शकतो, त्यामुळे ती अर्ध्या तासाची खोटी मला मोलाची वाटली. स्फोटातून गेलेल्या माणसाला यंत्राची ठकठक कशी वाटेल, हेही तिनेच ओळखले. तिने तो आवाज आधी मोबाईलवर ऐकवला, कानात बोळे आणि वर हेडफोन दिले, दाबायचा रबरी फुगा हातात ठेवला, आणि आवाज बदलण्याआधी दर वेळी माईकवरून कोंकणीत आगाऊ कल्पना दिली. मामा फुगा न दाबता पाऊण तास निजून राहिले.

अडचण झाली ती नंतर. काउंटरवर पाकीट देताना सांगण्यात आले, ‘‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे.’’ गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, ‘‘म्हणजे इतकी वर्षं मी ढोंगच केलं म्हणायचं.’’

या दुखापतीत साधा सीटी स्कॅन किंवा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छच दिसतो, हे त्या पाकिटावर कुठेही लिहिलेले नव्हते. केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र डीटीआय (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग) ही एमआरआयमधलीच जादा पैशांची तपासणी ‘लपलेली इजा दाखवते’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, आणि आम्ही ते पैसे भरले होते. डीटीआय मज्जातंतूंच्या बाजूने पाणी कोणत्या दिशेने किती सरकते ते मोजते. तंतू विस्कटले की ही दिशा सैल होते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सैनिकांवरील एका अभ्यासात स्फोटाने सौम्य दुखापत झालेल्या 63 जणांची तुलना स्फोटात सापडूनही मेंदूची दुखापत न झालेल्या 21 जणांशी केली होती. दोन गटांत फरक दिसला. पण निव्वळ योगायोगाने अपेक्षित असतात त्याहून स्पष्टपणे जास्त दोष मिळाले ते 63 पैकी 18 जणांतच. गटाबद्दल बोलणारी ही पद्धत एकट्या माणसाबद्दल निकाल देण्याइतकी अजून पक्की झालेली नाही, आणि पैसे घेण्याआधी हे सांगणे केंद्राचे कर्तव्य होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. रेडिओलॉजिस्टनी, आगाऊ वेळ घेतलेली नसताना, वीस मिनिटे दिली. त्यांनी पडद्यावर मामांच्या मेंदूचा रंगीत नकाशा उघडून दाखवला: डावीकडून उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढून मागे जाणारे हिरवे, वरून खाली जाणारे निळे. सूक्ष्म रक्तस्रावाचे काळे ठिपके त्यांनी वेगळ्या चित्रमालिकेत शोधले होते आणि ते नव्हते, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट होती. माझ्या विनंतीवरून त्यांनी सुधारित अहवालात एक वाक्य वाढवले: सामान्य प्रतिमांमुळे पूर्वीची सौम्य दुखापत नाकारता येत नाही, निर्णय लक्षणे आणि इतिहासावरून व्हावा.

हे वाक्य मागावे लागू नये. माजी सैनिकाच्या प्रत्येक अशा अहवालात ते आपसूक छापले जावे, अशी लेखी विनंती मी केंद्राला दिली आहे. तिथे जाणाऱ्यांनी डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारे सेवापुस्तक) आणि जुनी वैद्यकीय कागदपत्रे बरोबर न्यावीत, आणि फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी. मामांनी सुधारित अहवाल स्वतः दोनदा वाचला आणि आपल्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या आत ठेवला.